घेवड्याचे रोग: आधी वाण निवडा, मग पंप उचला

घेवडा पहिल्यांदाच लावला असेल तर पानावर डाग दिसल्याबरोबर हात पंपाकडे जातो. सुरुवातीच्या एका हंगामात मीही तेच केलं. पानांवर पाणचट डाग आले, डागाच्या कडेला पिवळी रेघ होती, कुणीतरी 'करपा आहे' म्हणालं आणि पंधरा दिवसांत मी तीन वेळा बुरशीनाशक फवारलं. डाग वाढतच राहिले. तो करपा जिवाणूचा होता. बुरशीनाशकाने जिवाणू मरत नाही, हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर खर्च वाचला असता आणि हाताशी असलेले ते पंधरा दिवसही.

तेव्हापासून एकच क्रम पाळतो. आधी रोगाचं नाव, मग त्या रोगापुढे टिकणारं वाण, आणि वाण जिथे उघडं पडतं तिथेच बुरशीनाशक. हा लेख त्याच क्रमाने जातो. घेवडा म्हणजे इथे फरसबी, श्रावणघेवडा आणि राजमा हे सगळंच. शास्त्रीय दृष्टीने ही एकच जात आहे, फॅसिओलस व्हल्गॅरिस, आणि तिचे रोगही तेच. हिरव्या शेंगेसाठी लावलंय की वाळलेल्या दाण्यासाठी, यावर काही निर्णय बदलतात. ते ज्या त्या ठिकाणी येतील.

पायरी १: डागाला नाव द्या

दहापट दाखवणारं एक साधं भिंग आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा खिशात ठेवा. दव उडालं की शेतात जा आणि रोपाची खालची पानं उलटी करून बघा. वरून हिरव्यागार दिसणाऱ्या झाडाची खालची पानं वेगळंच काही सांगत असतात.

तांबेरा ओळखायला सर्वांत सोपा. पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढे तांबूस-तपकिरी फोड येतात, बऱ्याचदा त्यांच्याभोवती पिवळं वलय असतं. पांढरं कापड पानावरून हलकेच पुसा. कापडाला गंजासारखी भुकटी लागली तर तो तांबेराच. ही भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. ते वाऱ्याने दूरवर जातात, म्हणून शेजारच्या रानातला तांबेरा तुमच्या रानात यायला बांध आडवा येत नाही. तापमान साधारण १७ ते २७ अंश सेल्सिअस आणि पान दहा तासांहून जास्त वेळ ओलं, असं जमून आलं की लागण होते. लागण झाल्यापासून दहा-पंधरा दिवसांत नवे फोड फुटून पुन्हा भुकटी उडू लागते. एका हंगामात ही फेरी कितीतरी वेळा होऊ शकते, त्यामुळे पहिला फोड कधी दिसला ही तारीख फार मोलाची आहे.

बुरशीचा करपा, म्हणजे अँथ्रॅक्नोज (पुढे नुसतं 'करपा' म्हटलं की हाच), पानापेक्षा शिरांवर आणि शेंगांवर नीट कळतो. पान उलटं धरा. शिरा विटकरी किंवा काळपट झालेल्या असतात, जणू कुणी बारीक पेनने गिरवल्यात. शेंगेवर गोल, आत दबलेले डाग पडतात, कडा गडद आणि किंचित उचललेली. हवा दमट असेल तर डागाच्या मधोमध फिकट गुलाबी, चिकट थेंब दिसतो. तो चिकटपणा लक्षात ठेवा. याचे बीजाणू डिंकासारख्या पदार्थात अडकलेले असतात, ते तांबेऱ्यासारखे वाऱ्यावर उडत नाहीत. पावसाचा थेंब आपटला, तुषार सिंचनाचं पाणी उडालं किंवा ओल्या झाडाला तुमची बाही घासली की ते पुढच्या रोपावर जातात. या रोगाला थंडावा आवडतो, १३ ते २६ अंश. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तो बियाण्यातून येतो.

कोनीय ठिपक्यांचा रोग नावाप्रमाणेच असतो. डाग शिरांमध्ये अडकल्यामुळे गोल न होता त्रिकोणी-चौकोनी होतात, करड्या-तपकिरी रंगाचे. भिंगातून पानाची खालची बाजू बघितली तर डागावर उभे राहिलेले बारीक काळपट केस दिसतात. हा रोग बहुधा फुलोऱ्यानंतर जोर धरतो आणि पानं अवेळी गाळतो. मागच्या पिकाचा पालापाचोळा हे त्याचं मुख्य घर.

पांढरी बुरशी, म्हणजे स्क्लेरोटिनिया, वेगळ्याच वाटेने येते. फांद्या एकमेकींत गुंतल्या, खाली ओल कोंडली आणि फुलं गळू लागली की तिची वेळ झाली. बुरशी आधी गळलेल्या पाकळीवर वाढते आणि तिथून खोडात, शेंगेत शिरते. खोडावर कापसासारखी वाढ दिसते, खोड पुढे वाळून फिकट पडतं. ते उभं चिरलं तर आत उंदराच्या लेंडीसारखे काळे, टणक दाणे सापडतात. हे दाणे जमिनीत पाच वर्षांहून जास्त काळ जिवंत राहू शकतात. भुरी तर कुणीही ओळखेल, पानावर पीठ शिंपडल्यासारखी.

आता ज्यांच्यावर बुरशीनाशक चालत नाही ते. जिवाणूजन्य करप्यात पान उजेडासमोर धरलं की डागाभोवतीचा भाग तेलात बुडवल्यासारखा पारदर्शक दिसतो. डाग मोठे, वाळके आणि त्यांना लिंबासारखी पिवळी बारीक किनार असेल तर तो नेहमीचा जिवाणूजन्य करपा. डाग बारीक पण भोवतीचं पिवळसर-हिरवं वलय मोठं असेल तर तो प्रभावलयी करपा, जो थंड हवेत येतो. पानावर गडद-फिकट हिरव्या रंगाची नक्षी, पान आक्रसलेलं, रोप खुरटलेलं असेल तर तो मोझॅक, विषाणूचा रोग. त्यावर कोणतीही फवारणी उपाय नाही. निरोगी बियाणं, मावा आवरणं आणि प्रतिकारक वाण एवढंच हातात असतं.

शंका राहिली तर रोगट पानं कागदात गुंडाळून जवळच्या कृषी तज्ज्ञाकडे न्या. प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेऊ नका, दुसऱ्या दिवसापर्यंत ती कुजतात आणि मग मूळ रोग ओळखणं कठीण होतं.

पायरी २: तुमच्या रानाचा मुख्य शत्रू ठरवा

सगळ्या रोगांना पुरून उरणारं वाण मिळत नाही. त्यामुळे यादी छोटी करावी लागते. हंगामात हवा थंड आणि पाऊस वारंवार असेल तर करपा वरच्या क्रमांकावर ठेवा. दिवस मध्यम उबदार आणि रात्री दव भरपूर असेल तर तांबेरा. त्याच रानात मागच्या वर्षीही घेवडा होता तर कोनीय ठिपके. दाट लावण आणि भरपूर पाणी असेल तर पांढरी बुरशी. मागच्या दोन-तीन हंगामांत काय आलं होतं हे लिहून ठेवलेलं असेल तर उत्तमच, नसेल तर आजूबाजूच्या घेवडा उत्पादकांना विचारा. दोन रोग निवडा, फार तर तीन.

पायरी ३: वाण निवडताना विचारायचा प्रश्न

पाकिटावर 'रोगप्रतिकारक' असं लिहिलेलं असतं आणि नवखा माणूस तेवढ्यावर समाधान मानतो. विचारायचा प्रश्न असा: कशाला प्रतिकारक? तांबेऱ्याला टिकणारं वाण करप्यात पूर्ण झोपू शकतं. रोगाचं नाव पाकिटावर किंवा माहितीपत्रकात नसेल तर ते नुसतं विशेषण आहे, त्यावर विसंबू नका.

दुसरा प्रश्न याहून खोल जातो: त्या रोगाच्या कोणत्या रेसला? एकाच बुरशीचे वेगवेगळे प्रकार असतात, त्यांना रेस म्हणतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं ते घेवड्याच्याच करप्यात. १९११ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचे बॅरस यांनी दाखवलं की करप्याच्या बुरशीच्या एका नमुन्यापुढे टिकणारं घेवड्याचं वाण दुसऱ्या नमुन्यापुढे बळी पडतं. आज करप्याची रेस ओळखण्यासाठी जगभर १२ ठरावीक वाणांचा संच वापरतात. प्रत्येक वाणाला एक अंक दिलेला आहे: १, २, ४, ८, १६ असे दुप्पट होत २०४८ पर्यंत. बुरशीचा नमुना या बाराही वाणांवर सोडायचा आणि ज्या वाणांवर रोग येईल त्यांच्या अंकांची बेरीज करायची. ती बेरीज म्हणजे रेसचं नाव. अमेरिका खंडात सर्रास आढळणारी रेस ७३ घ्या. ती मिशेलाइट (१), कॉर्नेल ४९-२४२ (८) आणि मेक्सिको २२२ (६४) या तीन वाणांवर येते. बेरीज ७३. मला ही पद्धत फार आवडते, कारण नुसत्या अंकावरून ती रेस कोणत्या वाणांवर चालून जाते हे उलगडता येतं.

कॉर्नेल ४९-२४२ या काळ्या घेवड्याची गोष्ट वाण निवडणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. त्यात करप्याला रोखणारं एक जबरदस्त जनुक सापडलं. युरोपातल्या पैदासकारांनी ते अनेक वाणांमध्ये उतरवलं आणि काही काळ प्रश्न सुटल्यासारखा वाटला. पण भिस्त एकाच जनुकावर होती. १९७० च्या दशकात त्या जनुकाला न जुमानणाऱ्या रेस नोंदल्या गेल्या. दार मजबूत होतं, पण सगळ्या घरांना एकच किल्ली लागत होती. मेक्सिकोतून आलेल्या जी २३३३ या वाणात मात्र करप्याविरुद्धची अनेक जनुकं एकत्र आहेत, म्हणून पैदासकार त्याला इतकं जपतात. तुम्हाला निवड असेल तर एकाहून जास्त जनुकं एकत्र केलेलं वाण घ्या.

ही जनुकं कुठून येतात तेही कळलं तर निवड सोपी होते. घेवड्याची लागवड जगात दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुरू झाली: मध्य अमेरिका-मेक्सिकोच्या पट्ट्यात आणि दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतरांगांत. पहिल्या गटाचे दाणे लहान-मध्यम, दुसऱ्याचे मोठे. त्या त्या भागातल्या बुरशींनी तिथल्या घेवड्याबरोबर हजारो वर्षं काढली, म्हणून अँडीजकडच्या रेस मुख्यतः मोठ्या दाण्याच्या वाणांवर तुटून पडतात. साहजिकच एका गटातलं जनुक दुसऱ्या गटाच्या वाणात आणलं की ते चांगलं काम करतं. मोठ्या दाण्याचा लाल राजमा लावणार असाल आणि त्यात मध्य अमेरिकी घेवड्यातलं प्रतिकारक जनुक आहे असं माहितीपत्रक म्हणत असेल, तर ती जमेची बाजू समजा.

तांबेऱ्याच्या जनुकांची नावं 'यूआर'ने सुरू होतात: यूआर-३, यूआर-४, यूआर-११ वगैरे. करप्याची 'सीओ'ने, कोनीय ठिपक्यांची 'पीएचजी'ने. मोझॅकसाठी 'आय' नावाचं जनुक बऱ्याच वाणांत असतं. त्याबाबत एक सावधगिरी. हे जनुक एकटं असलेल्या वाणावर मोझॅकच्या कुळातला नेक्रोसिस करणारा विषाणू आला तर झाडाच्या शिरा आणि मुळं काळी पडून झाड मरू शकतं. तो विषाणू तुमच्या भागात असेल तर 'आय'च्या जोडीला 'बीसी-३' असलेलं वाण शोधा.

चाचणीचे निकाल बघायला मिळाले तर त्यात बहुधा १ ते ९ ची श्रेणी असते, सिॲट या आंतरराष्ट्रीय संस्थेची. १ ते ३ प्रतिकारक, ४ ते ६ मध्यम, ७ ते ९ बळी पडणारं. नवखे लोक ४-५ श्रेणीचं वाण लगेच बाजूला टाकतात. मला ते पटत नाही. मध्यम वाणावर रोग हळू चढतो आणि एखाद-दुसऱ्या वेळेवरच्या फवारणीने तो आवाक्यात राहतो. उत्पादन आणि दाण्याची प्रत चांगली असेल तर असं वाण घेण्यात शहाणपण आहे. पांढऱ्या बुरशीला तर पूर्ण प्रतिकारक असं वाण मिळतच नाही. तिथे झाडाची ठेवण बघायची: ताठ उभं राहणारं, शेंगा जमिनीपासून वर धरणारं, आतून हवा खेळू देणारं.

पहिल्या वर्षी सगळं रान एका वाणाखाली घालू नका. दोन वाणं शेजारी शेजारी लावा. पुढच्या वर्षीची निवड तुमचं रानच करून देईल.

पायरी ४: बियाणं

प्रतिकारक वाणाचं रोगट बियाणं घेतलं तर सगळी मेहनत पाण्यात. करपा, दोन्ही जिवाणूजन्य करपे आणि मोझॅक हे चारही बियाण्यातून येतात. म्हणून प्रमाणित बियाणं घ्या. कोरड्या हवामानात पिकवलेलं असेल तर अधिक चांगलं, कारण कोरड्या हवेत शेंगेवर करपा चढत नाही. घरचं बी वापरायचं असेल तर एक मूठ दाणे पांढऱ्या कागदावर पसरा. तपकिरी, दबलेले डाग असलेले दाणे वेचून काढलेत म्हणजे उरलेलं बी निरोगी झालं असं मात्र धरू नका. डाग न दिसणाऱ्या दाण्यातही बुरशी असते.

बीजप्रक्रियेसाठी थायरम किंवा कॅप्टनसारखं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेत चोळतात. उगवणीच्या वेळची मर आणि मूळकूज त्याने कमी होते. रायझोबियम, म्हणजे मुळांवर गाठी धरणाऱ्या जिवाणूंचं खत, लावणार असाल तर क्रम चुकवू नका: आधी बुरशीनाशक, मग बी सावलीत सुकू द्या, आणि रायझोबियम सगळ्यात शेवटी, पेरणीच्या तोंडावर. दोन्ही एकत्र कालवलं तर बुरशीनाशकाने रायझोबियमचे जिवाणू मरतात आणि गाठी धरत नाहीत. प्रक्रिया केलेलं उरलेलं बी खाण्यात किंवा जनावरांपुढे कधीही जाऊ देऊ नका.

पायरी ५: रान आणि पाणी

दोन-तीन वर्षांची फेरपालट ठेवा, मधल्या काळात मका, गहू, ज्वारी अशी तृणधान्यं. पांढरी बुरशी असलेल्या रानात सूर्यफूल, मोहरी, सोयाबीन ही फेरपालट नव्हे. तीही त्याच बुरशीची घरं आहेत. ओळी वाऱ्याच्या दिशेने काढा, फार दाट लावू नका, नत्राचा मारा करू नका. तुषार सिंचन असेल तर पाणी सकाळी द्या म्हणजे पानं दिवसा सुकतात. आणि झाडं ओली असताना खुरपणी, तोडणी काहीही नको. करपा आणि जिवाणू या दोघांना तुमच्या हातांनी पुढे न्यायची हीच वेळ असते.

पायरी ६: आठवड्याची फेरी

उगवणीनंतर आठवड्यातून एकदा, फुलोरा सुरू झाल्यावर दोनदा शेतात नागमोडी चाला. दहा ठिकाणी थांबा, प्रत्येक ठिकाणी पाच झाडं बघा: खालची पानं उलटी करून, शिरा, खोडाचा बुंधा, शेंगा. सखल भाग, झाडांच्या सावलीचा कोपरा, जिथे दव उशिरा उडतं तो भाग आधी. वहीत चार रकाने पुरतात: तारीख, पिकाची अवस्था, काय दिसलं, किती झाडांवर. प्रतिकारक म्हणून लावलेल्या वाणावर तोच रोग मोठ्या, भरपूर भुकटी असलेल्या फोडांनी आला तर ते कृषी तज्ज्ञाला कळवा. नवी रेस आल्याची ती खूण असू शकते.

पायरी ७: कोणतं बुरशीनाशक, कधी

बुरशीनाशकं दोन प्रकारची समजून घ्या. स्पर्शजन्य बुरशीनाशक पानावर बसतं आणि बीजाणू रुजू देत नाही. मॅन्कोझेब, क्लोरोथॅलोनिल, ताम्रयुक्त औषधं आणि गंधक यात येतात. पानाच्या आत शिरलेल्या बुरशीला ती काही करू शकत नाहीत, नवीन फुटलेल्या पानावर ती नसतात आणि जोराच्या पावसाने धुऊन जातात. पण बुरशीवर ती एकाच वेळी अनेक ठिकाणी घाव घालतात, म्हणून बुरशी सहजी त्यांना सरावत नाही.

आंतरप्रवाही बुरशीनाशक पानात शिरतं. टेब्युकोनॅझोल, प्रोपिकोनॅझोल, डायफेनोकोनॅझोल हा ट्रायझोल गट. ॲझॉक्सिस्ट्रोबिन, पायराक्लोस्ट्रोबिन हा स्ट्रोबिल्युरिन गट. बॉस्कॅलिड एसडीएचआय गटातलं. कार्बेन्डाझिम आणि थायोफिनेट मिथाइल हा आणखी एक गट. लागण नुकतीच झाली असेल तर यांतली काही तिला आवरू शकतात. पण झाडात ती प्रामुख्याने वरच्या दिशेने जातात, शेंड्यावर फवारलेलं खाली उतरत नाही. आणि घाव एकाच ठिकाणी घालत असल्यामुळे तेच तेच वापरलं की बुरशी त्यातून वाट काढते.

म्हणून लेबलवर छापलेला फ्रॅक गट, म्हणजे औषध बुरशीवर कसा घाव घालतं त्यावरून दिलेला क्रमांक, बघायची सवय लावा. ट्रायझोल ३, स्ट्रोबिल्युरिन ११, एसडीएचआय ७, कार्बेन्डाझिमचा गट १, मॅन्कोझेब एम ३, क्लोरोथॅलोनिल एम ५. दुकानात नावं बदलतात, गट बदलत नाही. व्यापारी नावं वेगळी म्हणून औषध बदललं असं समजणारे पुष्कळ लोक एकाच गटाची लागोपाठ तिसरी फवारणी करत असतात. एका गटाची फवारणी लागोपाठ दोनदा करू नका आणि ११ किंवा ७ गटाला शक्यतो एम गटाची जोड द्या. वाणाच्या बाबतीत एका जनुकावर भिस्त ठेवल्याने जे झालं, तेच इथे एका गटावर भिस्त ठेवल्याने होतं. दोन्हींची जोडी एकमेकांना जपते: प्रतिकारक वाणामुळे फवारण्या कमी लागतात, आणि मोजक्या फवारण्यांमुळे वाणावर रोगाचा भार कमी राहून त्यावर मात करणारी रेस वाढायला वाव कमी मिळतो.

आता वेळ. ही रोगागणिक बदलते आणि इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

तांबेऱ्यात बळी पडणाऱ्या किंवा मध्यम वाणावर पहिले फोड दिसले आणि पीक अजून फुलोऱ्यात किंवा शेंगा भरण्याच्या आधी असेल, तर फवारा. ट्रायझोल गट इथे चांगलं काम करतो. कार्बेन्डाझिमचा तांबेऱ्यावर फारसा उपयोग नाही. दाण्याच्या पिकात शेंगा पिवळ्या पडायला लागल्यावर तांबेरा आला तर हात आवरा, त्या फवारणीने उत्पादनात फरक पडत नाही.

करप्यात डाग दिसायची वाट बघितली तर उशीर होतो. बियाण्याची खात्री नसेल आणि हवा थंड-ओली असेल तर फुलोऱ्याच्या आधी एक संरक्षक फवारणी आणि फुलोऱ्याच्या अखेरीस, शेंगा कोवळ्या असताना दुसरी. शेंग वाचवणं हे उद्दिष्ट, कारण बाजारात डागाळलेली शेंग आणि डागाळलेला दाणा दोन्ही नाकारले जातात.

पांढऱ्या बुरशीची वेळ तर पाकळीशी बांधलेली आहे. बहुतेक झाडांवर निदान एक फूल उमललं की पहिली फवारणी, आणि ओल टिकून असेल तर लेबलवरच्या अंतराने दुसरी. खोडावर कापूस दिसल्यानंतर केलेली फवारणी त्या झाडाला वाचवत नाही. इथे औषध फांद्यांच्या आत, खालच्या फुलांपर्यंत पोहोचलं पाहिजे.

कोनीय ठिपक्यांसाठी फुलोऱ्यापासून खालच्या पानांवर नजर ठेवा आणि सुरुवातीलाच आवरा. भुरीला गंधक पुरतं, पण कडक उन्हात फवारलं तर पानं करपतात. जिवाणूजन्य करप्यात ताम्रयुक्त औषधाने फैलाव थोडा मंदावतो, एवढीच अपेक्षा ठेवा.

कोणतंही औषध घेण्याआधी ते तुमच्या भागात घेवड्यावर वापरायला मंजूर आहे का ते लेबलवर बघा. देशोदेशी हे नियम वेगळे असतात आणि बदलतात. एका ठिकाणी सर्रास चालणारं औषध दुसरीकडे बंद झालेलं असू शकतं.

पायरी ८: पंप मोजून घ्या

ही पायरी बहुतेक लोक गाळतात. लेबलवर मात्रा हेक्टरी असते आणि माणूस अंदाजाने 'एका पंपाला एक झाकण' टाकतो. त्याऐवजी एकदा साधं पाणी घेऊन मोजा.

१० मीटर लांब, १० मीटर रुंद असा तुकडा आखा. पंपात १५ लिटर पाणी भरा आणि नेहमीच्या चालीने, पानं खालून-वरून भिजतील असं फवारा. उरलेलं पाणी मोजा. १० लिटर उरलं तर ५ लिटर लागलं. हेक्टरमध्ये असे १०० तुकडे, म्हणजे हेक्टरी ५०० लिटर. समजा लेबलवर हेक्टरी २ किलो आहे. मग १५ लिटरच्या पंपात १५ भागिले ५०० गुणिले २००० ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम.

पीक वाढल्यावर पुन्हा मोजा. आता त्याच तुकड्याला ७ लिटर लागलं तर हेक्टरी ७०० लिटर झालं आणि पंपातली मात्रा साधारण ४३ ग्रॅमवर आली. जुन्या सवयीने ६० ग्रॅमच टाकत राहिलात तर हेक्टरी मात्रा २ किलोऐवजी २.८ किलो होते. लेबलवर मात्रा प्रति लिटर पाण्यात दिली असेल तर हे गणित नको, तीच पाळा.

मिसळताना पंप निम्मा पाण्याने भरा. भुकटी आधी थोड्या पाण्यात कालवून पातळ करून मग ओता, द्रवरूप औषध त्यानंतर, स्टिकर (औषध पानाला चिकटवणारा द्रव) सगळ्यात शेवटी. दोन औषधं पहिल्यांदाच एकत्र करत असाल तर काचेच्या बरणीत त्याच प्रमाणात थोडं करून अर्धा तास ठेवा. गाठी झाल्या, साका बसला किंवा फाटलं तर ती जोडी नको. नॉझल पोकळ शंकूच्या आकाराचा फवारा देणारं घ्या आणि पंपाची नळी झाडाच्या खालून वर अशी फिरवा. वारा पडलेला, दव उडालेलं, ऊन कोवळं, अशी सकाळ सर्वांत चांगली. नाहीतर उतरती दुपार. फुलोऱ्यात मधमाश्या फिरत असताना फवारणी टाळा.

पायरी ९: तोडणीआधीचे दिवस

दाण्याच्या पिकाला शेवटची फवारणी आणि काढणी यांत आपोआप अंतर पडतं. हिरव्या शेंगेचं तसं नाही. फरसबीची तोडणी दर तीन-चार दिवसांनी येते आणि लेबलवर सात किंवा चौदा दिवस थांबा असं लिहिलेलं असतं. म्हणजे फवारणी केली की मधल्या तोडण्या सोडून द्याव्या लागतात. त्या शेंगा खाण्यात जाऊ द्यायच्या नाहीत, यात तडजोड नको. म्हणूनच हिरव्या शेंगेसाठी लावणाऱ्याला प्रतिकारक वाणाची गरज सगळ्यात जास्त आहे, आणि फवारण्या करायच्याच तर पहिल्या तोडणीआधी उरकायच्या.

फवारताना रबरी हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, चश्मा, लेबलवर सांगितलेला मास्क आणि बूट घाला. लेबलवर दिलेला वेळ होईपर्यंत त्या रानात कुणालाही, विशेषतः मुलांना, जाऊ देऊ नका. रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी पंपातच ओता, मग बाटलीला भोकं पाडा. पंप विहिरीजवळ किंवा ओढ्यात धुवू नका.

पायरी १०: एक पट्टा तसाच सोडा

फवारणी करताना शेताच्या मधल्या भागात चार ओळींचा छोटा पट्टा न फवारता ठेवा, दोन्ही टोकांना खुंटी ठोका. दोन आठवड्यांनी दोन्हीकडची पानं उलटून बघा, १ ते ९ च्या श्रेणीत अंदाजे अंक द्या. काढणीला त्या चार ओळींचं आणि शेजारच्या फवारलेल्या चार ओळींचं वजन वेगवेगळं करा. तुम्ही लावलेल्या दोन्ही वाणांमध्ये हे केलंत तर एका वाणाला फवारणीची गरजच नव्हती, असंही निघू शकतं. तेच वाण पुढच्या वर्षी जास्त क्षेत्रावर घ्या आणि जुन्या वाणाच्या काही ओळी तरीही शेजारी ठेवा, म्हणजे रोग हंगामात आला होता की नव्हता हे कळत राहील.

काढणीनंतर करप्याचा किंवा कोनीय ठिपक्यांचा पाला रानात पडू देऊ नका, गोळा करून बाहेर काढा किंवा खोल गाडा. बियाण्यासाठी शेंगा निवडणार असाल तर त्या निरोगी झाडांवरून, कोरड्या दिवशी, बाकीच्या मळणीआधी तोडा. डागाळलेल्या शेंगेतला दाणा बियाण्यात टाकू नका, तो वरून कितीही स्वच्छ दिसत असला तरी.